कावेरीकाठी, वाळूच्या उशाशी! म्हैसूरच्या ‘डेझर्ट’मध्ये एक रात्र

डेझर्ट कॅम्प म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जैसलमेर, उंट, घुंगरू, पगडीवाले दादा आणि इन्स्टावरचा तोच तो सूर्यास्त. बरोबर?

आता तिकीट बदला. उत्तरेला नाही, दक्षिणेला चला. थेट म्हैसूर!

म्हैसूरजवळ वाळवंट? मनात शंकेची पाल चुकचुकली ना? चुकचुकू द्या. आजचा मुक्काम तसाही पालातच आहे!

म्हैसूरपासून साधारण ४५ किलोमीटरवर कावेरीच्या काठी एक गाव आहे. नाव तलकाडू. एका बाजूला हिरवीगार भातखाचरं, दुसऱ्या बाजूला भरलेली नदी आणि मधोमध वाळूच्या चक्क टेकड्या. त्या टेकड्यांच्या पोटात काय आहे, माहीत आहे का? देवळं! एक-दोन नाहीत, तीसच्या वर असल्याचं गावकरी सांगतात. वाळूतून तेल निघतं म्हणतात, तलकाडूत वाळूतून गाभारे निघतात.

थोडा हिशेब करू. भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटाची सोपी खूण सांगितलेली असते. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस. म्हैसूरला पडतो त्याच्या तिप्पट. म्हणजे पुस्तकाच्या परीक्षेत तलकाडू सपशेल नापास.

पण त्याच पुस्तकाच्या हिशेबाने जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट कोणतं, माहीत आहे का? सहारा नव्हे, अंटार्क्टिका! जवळजवळ १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, आणि तिथे उंट सोडाच, पेंग्विन फिरतात. सहारातसुद्धा निव्वळ वाळू फक्त चौथ्या हिश्शात आहे. बाकी सगळा दगडधोंडा.

आता माझा आवडता मुद्दा. मराठी माणसाला ‘वाळवंट’ म्हटल्यावर सगळ्यात आधी काय आठवतं? राजस्थान नाही, पंढरपूर! चंद्रभागेचं वाळवंट. टाळ, मृदंग आणि पायाखाली नदीची मऊ वाळू. आपल्या भाषेत वाळवंट म्हणजे आधी नदीकाठची वाळू, मग बाकीचं सगळं. या कसोटीवर तलकाडू शंभर टक्के पास, तेही डिस्टिंक्शनमध्ये. नदीने आणलेली वाळू, नदीच्या काठी, नदीच्या वळणावर. विठोबाला कानडा म्हणणाऱ्या आपल्याला कानडी मुलखातलं हे वाळवंट परकं वाटायचं कारणच नाही.

निघण्याआधी दोन मिनिटं म्हैसूर

या शहराच्या मराठी नावात म्हैस आहे, हे कधी लक्षात आलंय का? आणि ती चुकून शिरलेली नाही! महिषासुराचा ऊर, म्हणजे गाव, ते म्हैसूर. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘मैसूरु’ झालं. महिषासुर मात्र हातात तलवार आणि नाग घेऊन चामुंडी टेकडीवर अजूनही थाटात उभा आहे.

टेकडीच्या रस्त्यावर वाळूची रिहर्सल करून घ्या. एम. एन. गौरी या शिल्पकार बाईंनी तिथे वाळूच्या शिल्पांचं म्युझियम उभं केलंय. सुमारे ११५ ट्रक वाळू आणि १५० च्या आसपास शिल्पं! समुद्रकिनाऱ्यावरचा किल्ला एका लाटेत जातो, हे गणपती आणि राजेमहाराजे तिथे टिकून आहेत. ‘सँड’साठी इतकं केल्यावर ‘सँडल’ कशी सुटेल? चंदनाचं तेल काढायचा म्हैसूरचा सरकारी उद्योग १९१६ चा, आणि त्याच तेलाचा तो अंडाकृती साबण आजही आपल्या न्हाणीघरात घमघमतो. बॅगेत एक वडी टाका. वाळूत लोळल्यावर लागणारच आहे.

आणि खाऊ? मैसूरपाक! राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पा नावाच्या आचाऱ्याने तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. राजा होता नाल्वडी कृष्णराज वडियार. बेसन, तूप, साखर. झाला पाक, करा पॅक!

पायाखाली राजधानी

तलकाडूत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे चपला काढणं. बरेच जण पहिल्या देवळापाशीच काढतात आणि पुढची सगळी वाट अनवाणी चालतात. तुम्हीही चाला. पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. वरची वाळू दुपारी तव्यासारखी तापलेली असते. पण अंगठ्याने चार बोटं खोल उकरलंत की खाली गारवा! हाच प्रयोग संध्याकाळी करा. आता उलटं, वरचा थर झपाट्याने निवलेला आणि आत दुपारची ऊब शिल्लक. वाळूत उष्णता फार खोल मुरत नाही. जी वरच्या वर येते ती सूर्य कलला की वरच्या वर जाते.

थोडं वाकून बघा. वाळूवर बारीक बारीक लाटा उमटलेल्या दिसतील, कुणी कंगवा फिरवल्यासारख्या. वाऱ्याबरोबर वाळूचे कण चक्क टुणटुण उड्या मारतात. एक कण उडतो, आदळतो, दुसऱ्याला उडवतो. अख्खी टेकडी अशीच लंगडी घालत सरकते.

किती वेगाने, माहीत आहे का? ब्रिटिशांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, वाळू दरवर्षी ९ ते १० फूट गावावर चाल करून येते! तेव्हा जुनं गाव जवळजवळ मैलभर लांबीच्या वाळूखाली गडप झालेलं होतं आणि फक्त दोन देवळांची टोकं वर दिसत होती. लोक घरं मागे मागे हटवत राहिले. ‘घर बदललं’ म्हणतो आपण. तलकाडूत वाळूच घर बदलायला लावायची. आता निलगिरी आणि सुरूच्या झाडांनी तिला बरीचशी बांधून ठेवली आहे.

आज पाताळेश्वराच्या दर्शनाला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या आहेत. नाव किती चपखल! खड्ड्याच्या तळाशी देऊळ आणि चारी बाजूंनी वाळूचे कठडे. इथलं शिवलिंग सकाळी तांबूस, दुपारी काळं आणि संध्याकाळी पांढरं दिसतं, अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या देवाचं नाव मरळेश्वर. कानडीत मरळु म्हणजे वाळू. वाळूचाच ईश्वर!

आणि मुख्य देव? वैद्यनाथेश्वर. त्याची गोष्ट ऐकाच. तल आणि काड नावाचे दोन शिकारी भाऊ होते. हत्ती एका सावरीच्या झाडाची पूजा करताना त्यांना दिसले. कुतूहलाने त्यांनी झाडावर कुऱ्हाड घातली, तर झाडातून रक्त! आकाशवाणी झाली की या झाडाचाच पाला जखमेवर बांधा. बांधला, रक्त थांबलं. आत शंकर होता. स्वतःच पेशंट, स्वतःच डॉक्टर! म्हणून वैद्यनाथ, आणि दोघा भावांच्या नावाने गाव तलकाडू.

हे गाव म्हणजे कोपऱ्यातलं खेडं नव्हतं बरं का. गंग घराण्याची ही राजधानी. हजाराच्या सुमाराला चोळांनी ती घेतली आणि नाव ठेवलं राजराजपुरम. शंभरेक वर्षांनी होयसळ राजा विष्णुवर्धनाने ती चोळांकडून जिंकली आणि स्वतःला बिरुद लावलं ‘तलकाडुगोंड’. गोंड म्हणजे घेणारा, जिंकणारा. एका गावावरून राजाने पदवी लावावी, इतकं हे गाव मोलाचं! विजयाच्या आनंदात त्याने १११७ मध्ये कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं. तेही पुढे वाळूत गेलं आणि आता वर आलंय.

शाप, नथ आणि एक बंधारा

आता शेकोटीची गोष्ट. लाकडं सारखी करून घ्या.

साल १६१०. श्रीरंगपट्टणला विजयनगरचा सुभेदार श्रीरंगराय होता. म्हैसूरच्या राजा वडियारांनी श्रीरंगपट्टण घेतलं आणि तिथेच दसऱ्याचा उत्सव सुरू केला. आज जगभरातले लोक बघायला येतात तो म्हैसूरचा दसरा, त्याची ही सुरुवात!

सुभेदाराची राणी अलमेलम्मा तलकाडूकडे निघून गेली. तिच्याकडे दागिने होते. श्रीरंगपट्टणच्या रंगनायकी देवीला ते ठराविक वारी घातले जात. मोत्याची नथ त्यातलीच. दागिने परत आणायला राजाची माणसं आली. अलमेलम्माने नथ देऊन टाकली, बाकीचे दागिने पदरात बांधले आणि तलकाडूच्या समोर, मालंगीच्या डोहात उडी घेतली.

उडी घेताना तिने तीन शाप दिले, असं कर्नाटकातलं लहान मूलही सांगेल. तलकाडूची वाळू होवो. मालंगीचा भोवरा होवो. म्हैसूरच्या राजाला मूल न होवो.

अंगावर काटा आला? आता पुढे ऐका. तलकाडू वाळूत गेलं. मालंगीपाशी नदीत खरंच खोल, फिरते डोह आहेत. आणि म्हैसूरच्या गादीवर पुन्हा पुन्हा दत्तक घ्यायची वेळ आली. श्रीकंठदत्त वडियार २०१३ मध्ये गेले तेव्हा त्यांना मूल नव्हतं. २०१५ मध्ये यदुवीर दत्तक आले, २०१७ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि पेपरांनी ‘चारशे वर्षांचा शाप सुटला’ असे मथळे दिले. ज्या राणीने शाप दिला तिची मूर्ती म्हैसूरच्या राजवाड्यात आहे, आणि तिची पूजाही होते. हरलेल्या बाईला जिंकलेल्यांच्या घरात देव्हारा मिळाला, अशी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

पण वाळू शापाने येते का हो? नाही. वाळू वाऱ्याने येते!

बंगळूरच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ के. एन. गणेशय्या यांनी या शापाचा पाठलाग केला. हेच गणेशय्या कन्नडमध्ये थरारक कादंबऱ्याही लिहितात, म्हणजे गोष्ट आणि पुरावा दोन्हीकडचं त्यांना कळतं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. तलकाडूच्या वरच्या अंगाला विजयनगरच्या काळात माधवमंत्र्याने कावेरीवर बंधारा घातला. पाणी अडलं, खालच्या वळणावरचं पात्र उघडं पडलं, तिथली वाळू सुकली. दर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की ती उडून थेट गावात! काठावरची झाडं गेली असतील तर अडवणारंही कुणी उरलं नाही. म्हणजे शापाच्या आधीच वाळू निघाली होती. लोकांनी डोळ्यांदेखत गाव बुडताना पाहिलं आणि त्याला एका दुखावलेल्या बाईचा आवाज दिला.

मला दोन्ही गोष्टी हव्यात. बंधाऱ्याशिवाय शाप समजत नाही, आणि शापाशिवाय बंधारा चारशे वर्षं कुणाच्या लक्षात राहिला नसता.

इथली पाच शिवलिंगं एकाच दिवशी बघण्याचा सोहळा म्हणजे पंचलिंग दर्शन. दरवर्षी? छे! कार्तिकातला सोमवार आणि ठरलेलं नक्षत्र जुळावं लागतं. २००९ ला झालं, मग २०१३, मग एकदम २०२०. क्रिकेटचा वर्ल्ड कपसुद्धा याहून वक्तशीर! वाळूत बुडालेली देवळं या दर्शनासाठी उपसून मोकळी करावी लागत. फावडी, घमेली आणि गावभर माणसं.

जाता जाता एक वाळूचा झटका. आखाती वाळवंटातल्या शहरांना इमारती बांधायला वाळू बाहेरून आणावी लागते, माहीत आहे का? वाऱ्याने घासून घासून तिथला कण गोल गुळगुळीत होतो आणि काँक्रीटमध्ये पकड धरत नाही. नदीचा कण खडबडीत, म्हणून सोन्याच्या भावाचा. म्हणूनच कावेरीच काय, भीमा काय, कृष्णा काय, नद्यांच्या वाळूवर रात्रीचे ट्रक टपलेले असतात.

भिरभिर भिरभिर… हरिगोलु!

उंट नाही म्हणून हिरमुसलात? मग टोपलीत बसा!

बांबूची विणलेली, बाहेरून कातडं किंवा डांबर लावलेली गोल नाव. कानडीत हरिगोलु. १५२० च्या सुमाराला विजयनगर बघायला आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायश या टोपल्या पाहून चाट पडला होता. पंधरा-वीस माणसं बसतात, घोडे आणि बैलसुद्धा पार होतात, पण ही नाव सरळ म्हणून जात नाही, सारखी फिरत राहते, असं त्याने लिहून ठेवलंय. पाचशे वर्षं झाली, ती अजून फिरतेच आहे! नावाडी मुद्दाम गरगर फिरवतो, पोरं किंचाळतात, मोठ्यांचा चहा घशाशी येतो. ‘निधानवागि’ म्हणा, म्हणजे ‘सावकाश हो’. लगेच ऐकतो.

फक्त लाइफ जॅकेट आधी, सेल्फी नंतर.

आणि पोहायचं नाही. हे मी हसत हसत सांगत नाहीये. तलकाडूला पाणी गुडघाभर दिसतं, तळाची वाळू दिसते, म्हणून माणूस पुढे जातो. चार पावलांवर तळ एकदम सुटतो. मालंगीचा भोवरा ही नुसती गोष्ट नाही. कावेरीत मगरीही आहेत. श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनतिट्टूच्या बेटांवर त्या ऊन खात पडलेल्या दिसतात. ही बेटं पक्ष्यांसाठी राखून ठेवा असं म्हैसूरच्या राजाला कुणी सुचवलं, माहीत आहे का? आपल्या मुंबईच्या सालिम अलींनी! १९४० ची गोष्ट.

पाण्याखालचा रेकॉर्डही इथलाच. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने काबिनी नदीत गळाला महसीर मासा लावला. वजन १२० पौंड, म्हणजे ५४ किलो! एका तरुण माणसाएवढा मासा, नुसत्या गळ-दोरीवर. हा विक्रम आजही सांगितला जातो. काबिनी पुढे टी. नरसीपूरला कावेरीला मिळते, तलकाडूच्या जरा वर. त्याच जातीचा, पाठीवर कुबड असलेला महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. पाठीवर कुबड! बघा, उंट मिळाला नाही तरी कुबड मिळालंच. तेवढा उरलेला तरी जगू द्या.

पाल, राहुटी, डेरा, तंबू

इंग्रजीत एक ‘टेंट’ आणि संपलं. आपल्याकडे बघा. पाल ठोकतात, राहुटी उभारतात, डेरा टाकतात, शामियाना घालतात, तंबू ताणतात. ज्यांच्या पणजोबांनी अर्धा हिंदुस्थान घोड्यावरून पालथा घातला त्यांच्या भाषेत असे शब्द असणारच!

आणि म्हैसूरच्या मुलखात मराठ्यांचं कॅम्पिंग आपल्या कितीतरी आधी झालंय. १७७१ मध्ये त्र्यंबकराव मामा पेठे यांनी मोती तलावाजवळ, चिनकुरळीला हैदर अलीचा दणदणीत पराभव केला. मग वीस वर्षांनी, १७९१ च्या मे महिन्यात, त्याच टापूत एक जबरदस्त सीन घडला. लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूवर चालून आला होता. पाऊस, रोगराई, बैल मेलेले, दाणा संपलेला. गोरी फौज उपाशी, आपल्याच जड तोफा फोडून माघारी फिरलेली. इतक्यात समोरून घोडेस्वार दिसले. शत्रू समजून पळापळ होणार, तोच कळलं की हे मराठे! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन.

पुढची गंमत ऐका. मराठ्यांच्या छावणीत अख्खा बाजार भरलेला होता! धान्य तर होतंच, त्याचा भावही चढा होता. पण मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने त्या बाजाराचं जे वर्णन केलंय ते वाचून डोळे फिरतात. इंग्लंडची बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, हिरे, सेकंडहँड कपडे, लुटीतले गरिबाघरचे दागिनेसुद्धा. मॉल म्हणा मॉल, तोही चाकांवर आणि बैलांच्या पाठीवर! त्या लुटलेल्या दागिन्यांपाशी मात्र वाचताना थांबायला होतं. कुणाच्या तरी कानातले होते ते.

आणि शत्रूपक्षाचा तंबू? टिपू सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा छिटाचा तंबू, फुलांच्या कुंड्यांच्या नक्षीचा, आज कुठे आहे, माहीत आहे का? वेल्समधल्या पोविस कॅसलमध्ये! मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्हने तो नेला आणि पुढे त्या घराण्याने बागेतल्या पार्ट्यांना मांडव म्हणून वापरला. ज्या कापडाखाली लढाईचे बेत व्हायचे, त्याखाली केक कापले गेले.

आपलं पाल मात्र साधं. चार खुंट्या, एक कापड. ठोकायची जागा नदीजवळच्या कुणाच्या शेतात, मालकाला विचारून. देवळांचा परिसर मुक्कामासाठी नाही. वाळूत खुंटी धरत नाही, ही पहिल्या पाच मिनिटांत कळणारी गोष्ट. उपाय सोपा. खुंटी आडवी पुरा, वर वाळू दाबा आणि एक धोंडा ठेवा. कागदी सूचनापत्रात हे नसतं, शेतावरच्या अज्जींना पाठ असतं.

मुद्द्याचं बोला!

जेवण आलं. पानात काय? मुद्दे!

नाही, चर्चेचे नव्हेत. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा वाफाळता गोळा, क्रिकेटच्या चेंडूहून थोरला. सोबत पालेभाजीचं झणझणीत सारू. आणि नियम ऐकून घ्या, हा गोळा चावायचा नाही! बोटांनी छोटा तुकडा खुडायचा, सारूत बुडवायचा आणि गटकन गिळायचा. आपण नाचणीची भाकरी खाणारी माणसं, दात आपोआप चालायला लागतात. चावलात की टाळूला चिकटलाच. ‘अगीबेडि’, चावू नका, असं अज्जी हसत सांगतात. तिसऱ्या घासाला जमतं. चौथ्याला दुसरा मुद्दा मागितला जातो.

पोटात मुद्दा, हातात टॉर्च. आणि टॉर्चवरून आठवलं! तलकाडूच्या खालच्या अंगाला याच कावेरीवर शिवनसमुद्रचा धबधबा आहे. १९०२ मध्ये तिथे वीज तयार झाली आणि सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. तेव्हा जगातल्या सगळ्यात लांब वीजवाहिन्यांत तिची गणना होत होती. ज्या नदीच्या काठी आपण अंधार शोधत आलोय, तिनेच उजेड एवढा लांब नेला.

आता टॉर्च बंद करा.

उत्तरेचा तारा खाली, अगस्ती वर

पाठ वाळूवर टेका. वाळू पाठीच्या आकाराची होते. कुठल्या मेमरी फोमच्या गादीला हे जमत नाही.

ध्रुवतारा शोधा. सापडत नाही ना? फार वर बघताय! मुंबईत तो क्षितिजापासून १९ अंश वर असतो, इथे जेमतेम १२. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ आणि वर थोडंसं, तिथे उत्तरेला मिणमिणतोय बघा. तुम्ही जितके दक्षिणेला जाल तितका तो खाली उतरतो. होकायंत्र नव्हतं तेव्हा खलाशी यावरूनच ओळखायचे की आपण कुठवर आलोय.

तो खाली गेला, मग वर कोण आलं? थंडीच्या रात्री दक्षिणेला वळा. लखलखणारा पांढरा तारा दिसतोय तो अगस्ती. आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. मुंबईतून तो फार तर १८ अंश वर येतो आणि इमारतींआड बुडतो. इथून चांगला २५ अंश!

आणि अगस्तीचं इथे काय काम, माहीत आहे का? पुराणकथा सांगते की कावेरी त्याच्याच कमंडलूत होती. गणपती कावळा होऊन आला, कमंडलू कलंडला आणि नदी वाहू लागली. म्हणजे वर कमंडलूवाला, खाली त्यातून सांडलेलं पाणी आणि मधे वाळूवर तुम्ही. या कथेसाठी याहून चांगली सीट कुठेच मिळणार नाही. मे महिन्यात आलात तर रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला त्रिशंकूही दिसेल. पण मे महिन्यात ही वाळू! त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरा.

पहाटे चारला थंडी पायांकडून वर सरकते. गोधडी डोक्यावर ओढा. नदीवरून धुकं येतं आणि पालाच्या कापडावर दव टपटपतं.  कावेरीकाठच्या वाळूला ते रोजचं.

सकाळी गाडी कुठे वळवायची?

सोमनाथपूरला! पाऊण-एक तासात तेराव्या शतकातलं केशव मंदिर. दगडावर इतकं बारीक काम की जवाहिऱ्याने केल्यासारखं. २०२३ मध्ये बेलूर, हळेबीडबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं. तासभर द्या.

पण अजून एक दिवस हातात असेल तर म्हैसूरहून ऐंशीएक किलोमीटरवरचं श्रवणबेळगोळ सोडू नका. सहाशेवर पायऱ्या आहेत. चढा. वर गोमटेश्वर, एकाच दगडातला, सुमारे ५८ फुटांचा. तो उभारला चावुंडरायाने, ९८० च्या सुमाराला. हा चावुंडराय कुणाचा मंत्री? आपल्या तलकाडूच्या गंग राजांचा! आणि मूर्तीभोवतीचा प्राकार बांधला गंगराजाने. हा कोण? चोळांना हरवून विष्णुवर्धनाला तलकाडू मिळवून देणारा सेनापती! रात्री ज्या वाळूवर आपण झोपलो, तिच्याखालच्या गावाशी दोघांचंही नातं.

दर्शनाला सगळे वर बघतात. तुम्ही खाली बघा. मूर्तीच्या पायांपाशी ही नावं कानडीत कोरली आहेत, तमिळमध्ये कोरली आहेत, आणि तिसऱ्या भाषेत, नागरी अक्षरांत. चावुंडराजाने हे करविलं, गंगराजाने सुत्तालय, म्हणजे तो प्राकार, करविलं, एवढाच मजकूर. आक्षीचा १०१२ चा मराठी शिलालेख जुना की हा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव ओळींत याची गणना होते. ‘करवियलें’ हा शब्द शोधा. गाइडची गरज नाही, तुम्हाला वाचता येईल.